तो प्रसंग काढला, तर पुढच्याचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांबरोबर 'आमूर' हा फ्रेंच चित्रपट बघत होतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईला नर्स आंघोळ घालते तो प्रसंग आला आणि बाबा काही न बोलता उठून आत गेले. तेव्हापासून तुमच्या मनात घोळतंय की उलट्या, कमोड, लघवी, ओलं झालेलं अंथरूण, रक्त, उघडं पडलेलं आजारी शरीर हे सगळं परदेशी चित्रपटांत इतकं का दाखवतात? गोष्टीला त्याची खरंच गरज असते, की प्रेक्षकाला नुसता हादरा द्यायचा असतो?

मी बावीस वर्षं चित्रपटांचं संकलन करतो आहे. असे प्रसंग माझ्या टेबलावर बरेच आले. काही ठेवले, काही कापले, आणि दोन्हीकडे चुका केल्या. त्यामुळे टेबलावरून जसं दिसतं तसंच सांगतो.

'गोष्टीला गरज आहे का' या प्रश्नाने आमचं काम पुढे सरकत नाही. गोष्ट म्हणजे नुसता घटनाक्रम धरला, तर जवळजवळ कुठल्याच प्रसंगाची गरज उरत नाही. ती आजारी पडली, तो सेवा करत राहिला, शेवटी ती गेली, एवढ्यात सगळं आलं. आंघोळ नको म्हटलं तर मग त्या चित्रपटातला पियानोही नको, आणि खिडकीतून घरात शिरलेलं कबूतरही नको. आम्ही करतो ते असं: तो प्रसंग टाइमलाइनवरून उचलायचा, मागचा आणि पुढचा प्रसंग एकमेकांना जोडायचे, आणि पुढचा प्रसंग नव्या डोळ्यांनी बघायचा. त्यात माणसं तेच बोलतात, तेच करतात. पण ती आता वेगळी वाटायला लागली का? वाटली, तर काढलेला प्रसंग गोष्टीचाच होता. काहीच फरक पडला नाही, तर तो तिथे पाहुणा होता. माझ्या मते अशा प्रसंगाचा न्याय त्या प्रसंगात होतच नाही, त्याच्या पुढच्या प्रसंगात होतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका लघुपटात मुलगी आपल्या आईचं सगळं अंथरुणातच करते. कुशीवर वळवणं, चादर ओढून काढणं, ओल्या फडक्याने पुसणं, असं साधारण चार मिनिटांचं चित्रीकरण होतं. लोकांना बघवणार नाही, असं निर्मात्याचं म्हणणं पडलं. मलाही ते पटलं आणि मी तो भाग वीस सेकंदांवर आणला. चादर, बादली, बंद होणारं दार, संपलं. पुढच्याच प्रसंगात भाऊ येतो. येताना फळं आणतो, आईजवळ बसून दोन गोड शब्द बोलतो, आणि बहीण त्याच्यावर तुटून पडते. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, पाहिलेल्या पाचही जणांनी मला एकच सांगितलं: बहीण फार कजाग वाटते. अभिनेत्रीने काहीच जास्त केलं नव्हतं. तिची सगळी सकाळ मीच कापून टाकली होती. मग आम्ही एक मिनिट दहा सेकंद परत घातले. त्यातही आईचं उघडं अंग जेमतेम दिसतं. दिसतात ते मुलीचे हात, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, आणि फडकं पिळताना मान वळवून ती एक श्वास घेते तो क्षण. तो श्वास ती नाकाने घेत नाही, तोंडाने घेते. ज्याने आजारी माणसाचं केलं आहे त्याला ते लगेच कळतं, आणि ज्याने केलं नाही त्यालाही कळतं. त्यानंतर भावावरचा तिचा राग कुणालाच जास्त वाटला नाही.

आता 'पॅरासाइट' घ्या. बाँग जून-होचा हा २०१९ चा कोरियन चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. पाऊस कोसळतो, अर्धं जमिनीखाली असलेलं त्या गरीब कुटुंबाचं घर पाण्याने भरतं, आणि कमोडमधून काळं मैलापाणी उसळायला लागतं. बघताना पोटात ढवळतं. पण त्या कमोडची जागा नीट बघा. ते एका उंच चौथऱ्यावर बसवलेलं आहे, जवळजवळ छताला भिडलेलं. घर जमिनीच्या इतकं खाली आहे की कमोड खाली बसवलं तर मैला वाहून जाणारच नाही. म्हणजे त्या घरात सगळ्यात उंचावर जागा आहे ती संडासाची, आणि माणसं त्याच्या खाली राहतात. घरातली मुलगी उसळत्या कमोडचं झाकण दाबून त्यावर बसते, छतात लपवलेली सिगरेट काढते आणि शांतपणे ओढायला लागते. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. त्या सिगरेटपाशी प्रत्येक वेळी थांबतो, कारण तिथे किळस संपते आणि तिच्या जागी त्या मुलीबद्दल काहीतरी फार खोल वाटायला लागतं.

मग पुढचे प्रसंग. दुसऱ्या दिवशी बाप मालकिणीची गाडी चालवतो आहे. मागे बसलेली मालकीण कालचा पाऊस किती छान झाला म्हणून फोनवर बोलते, तिला त्याच्या अंगाचा वास येतो, ती काच खाली करते. शेवटी बागेतल्या हलकल्लोळात मालक गाडीची किल्ली घ्यायला वाकतो, नाक दाबतो, आणि बाप सुरा उचलतो. मैलापाण्याचा प्रसंग काढून टाका आणि हा शेवट बघा. नाक दाबल्याबद्दल एक माणूस खून करतो, एवढंच उरेल आणि तो वेडा ठरेल. तो प्रसंग जागेवर असला की बापाला आदल्या रात्री काय अंगावर घ्यावं लागलं ते आपल्याला माहीत असतं. खुनाचं समर्थन आपण करत नाही, पण त्याचा हात का उचलला गेला ते समजतं.

इथे मला भरतमुनीची आठवण होते. नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायी भाव, म्हणजे मूळ भावना, जुगुप्सा (किळस) सांगितला आहे आणि तो दोन तऱ्हांनी उपजतो असं म्हटलं आहे: रक्त वगैरे पाहून होणारा क्षोभज, आणि विष्ठा, किडे पाहून होणारा उद्वेगी. हा भेद आजही टेबलावर उपयोगी पडतो, कारण रक्त बघवत नाही तेव्हाची प्रेक्षकाची अवस्था आणि घाण बघवत नाही तेव्हाची अवस्था अगदी निराळी असते. रक्ताने माणूस आक्रसतो, पण बघत राहतो. घाणीने तो तोंड फिरवतो, चित्रपटापासूनच दूर सरकतो, आणि त्याला परत आणायला संकलकाला फार कष्ट पडतात. त्याहून मोलाचं मला वाटतं ते पुढचं. हा रस अभिनयातून कसा दाखवायचा, तर अंग आकसून, तोंड वाकडं करून, नाक झाकून, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे घाण समोर ठेवण्यापेक्षा ती सोसणारा माणूस समोर ठेवायचा. वास तर पडद्यावर येतच नाही. नाकाकडे गेलेली दोन बोटं येतात. 'पॅरासाइट'चा शेवट त्या दोन बोटांवर उभा आहे.

नुसत्या घटनाक्रमासाठीसुद्धा असा प्रसंग कामाला येऊ शकतो. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'त नायिका चोरलेल्या ४०,००० डॉलरचा हिशेब कागदावर करते, कागद फाडते, कमोडमध्ये टाकते आणि फ्लश करते. त्या काळी हॉलीवूडच्या चित्रपटात वाहतं कमोड दाखवणं हा मोठाच आगाऊपणा होता. पण त्यातला एक तुकडा वाहून जात नाही, तो पुढे तिच्या बहिणीच्या हाती लागतो, आणि नायिका त्या मोटेलमध्ये उतरली होती याचा पुरावा मिळतो. शिवाय ते कमोड बघून ओशाळलेला प्रेक्षक पुढच्याच क्षणी न्हाणीघरात सापडतो, आधीच थोडा अवघडलेला.

परदेशी चित्रपटांत हे जास्त का, याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे. १९३४ पासून १९६८ पर्यंत अमेरिकेत हेज संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या नियमावलीचा, अंमल होता. बाळंतपण सावलीतसुद्धा दाखवायचं नाही, इतकी बारीक कलमं तीत होती. ती गेली, तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली, आणि इतकी वर्षं दाराआड ठेवलेलं शरीर एकदम पडद्यावर आलं. त्या लाटेत खरी गरज आणि नुसती चढाओढ दोन्ही होत्या, आजही आहेत.

चढाओढ कशी ओळखायची? मी तीन गोष्टींकडे बघतो: कॅमेरा कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे, आणि आवाज काय करतो आहे.

यातल्या आवाजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण प्रेक्षकाचं त्याकडे लक्ष नसतं आणि घाव मात्र तिथेच बसतो. डॅनी बॉयलचा '१२७ अवर्स' एका खऱ्या घटनेवर आहे. २००३ मध्ये आरन राल्स्टन हा गिर्यारोहक अमेरिकेतल्या युटा राज्यात एका घळईत अडकला, दगडाखाली हात चेंगरला, आणि पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. चित्रपटात तो आधी हाडं मोडतो. आपण बघतो त्यापेक्षा ऐकतो जास्त. नंतर मज्जातंतूला पातं लागतं तेव्हा जो आवाज येतो तो हाडामांसाचा नाहीच, विजेचा झटका बसावा तसा करकरीत आवाज आहे. त्या वेदनेला खऱ्या जगात आवाज नसतो, तो शोधून काढावा लागला असणार. एरवी मोडणाऱ्या हाडाचा आवाज फोलीवाले, म्हणजे चित्रपटासाठी असे आवाज तयार करणारे, सेलरीच्या काड्या मोडून करतात, तो खोलीत सगळ्यांना ओळखीचा असतो आणि तरी मिक्सिंगला ऐकताना अंगावर काटा येतो. या प्रसंगात सुरुवातीच्या खेळांना काही प्रेक्षकांना भोवळ आली होती. मला तो पूर्ण पटतो. तास-सव्वा तास आपण त्या माणसाबरोबर अडकलेले असतो, त्याचं पाणी संपतं, तो स्वतःची लघवी पितो, आणि शेवटी अशी वेळ येते की आपणच मनात म्हणतो, काप बाबा, काप आणि सूट. प्रेक्षकाला स्वतःहून तो प्रसंग मागायला लावणं, याहून मोठी कारागिरी मी क्वचित पाहिली आहे. आणि पुढचा प्रसंग? सुटल्यावर तो उन्हात येतो तेव्हा ते ऊन आपल्याही अंगावर पडतं.

याच्या अगदी उलटी वाट लास्लो नेमेशने २०१५ च्या 'सन ऑफ सॉल'मध्ये धरली. १९४४ चं ऑशविट्झ. गॅस चेंबरमधली प्रेतं ओढणं, फरशी घासणं या कामाला जुंपलेला एक कैदी. चौकट चौकोनी आणि अरुंद, कॅमेरा सतत त्या माणसाच्या चेहऱ्याला किंवा पाठीला चिकटलेला, मागचं सगळं धूसर. उघडी शरीरं दिसतात ती फिकट डागांसारखी. पण कान उघडे आहेत: दारावरचे ठोसे, पाणी, ब्रश, कितीतरी भाषांमधल्या आरोळ्या. या माणसाने बघणं थांबवलं आहे म्हणून तो जिवंत आहे, हे त्या धूसरपणातून कळतं. तिथे स्पष्ट दाखवलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण तो स्वतः ते स्पष्ट बघत नाही. कॅमेऱ्याची जागा म्हणतो ती हीच.

मला न पटलेलंही सांगायला हवं. गास्पार नोएच्या २००२ च्या 'इर्रिव्हर्सिबल'मधला बलात्काराचा प्रसंग सुमारे नऊ मिनिटं, कॅमेरा जमिनीवर ठेवून, न कापता दाखवला आहे. कट न देण्यामागचा विचार मी समजू शकतो. कट दिला की निवड येते, निवड आली की सजावट येते. त्या प्रसंगाला मी गल्लाभरू म्हणणार नाही. पण त्याच चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात खालच्या पट्टीतला, जेमतेम ऐकू येणारा एक सूर मुद्दाम घातलेला आहे, प्रेक्षकाला मळमळावं म्हणून. त्याला माझी हरकत आहे. गोष्टीतून आलेली अस्वस्थता आणि बाहेरून टोचलेली अस्वस्थता यांत मला फार अंतर वाटतं. गोष्टीने मला हलवलं तर ते मी स्वीकारतो. माझ्या पोटाशी परस्पर व्यवहार केला, तर माझा विश्वास जातो.

रुबेन ऑस्टलंडच्या २०२२ च्या 'ट्रायँगल ऑफ सॅडनेस'मध्ये श्रीमंतांच्या बोटीवर वादळात मेजवानी चालते आणि उलट्यांचा जो कल्लोळ उसळतो तो पंधरा मिनिटांच्या आसपास चालतो. माझ्या टेबलावर तो आला असता तर मी त्याचा तिसरा हिस्सा तरी कमी केला असता. पण काढला नसता. पुढच्या भागात माणसं बेटावर अडकतात आणि बोटीवर संडास साफ करणारी बाई सगळ्यांची म्होरकी होते. ती सत्ता तिला मासे पकडता येतात म्हणून मिळते हे खरं, पण आपल्या मनात तिची बाजू कुठे तयार झालेली असते? उलट्यांच्या त्या रात्री. ते सगळं कुणाला पुसावं लागणार आहे हे आपण विसरलेलो नसतो.

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल मी बोललो नाही तर हे उत्तर अप्रामाणिक ठरेल. पडद्यावरचं शरीर पात्राचं असतं, पण चित्रीकरणाच्या दिवशी ते एका खऱ्या माणसाचं असतं. १९७२ च्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'मध्ये १९ वर्षांच्या मारिया श्नायडरला बलात्काराच्या प्रसंगात लोणी वापरलं जाणार हा तपशील आधी नीट सांगितला गेला नव्हता. तिला अपमानित वाटावं, ते नुसतं अभिनयातून येऊ नये म्हणून आपण मुद्दाम सांगितलं नाही, असं दिग्दर्शक बेर्तोलुचीने २०१३ मध्ये कबूल केलं. समागम खरा नव्हता, अपमान खरा होता. तिने तो जन्मभर बाळगला. या प्रसंगाला माझी पुढच्या प्रसंगाची कसोटी मी लावतच नाही. ज्यासाठी माणूस फसवावा लागतो तो प्रसंग गोष्टीला कितीही उपयोगी पडो, तो घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. २०१८ पासून एचबीओसारख्या मोठ्या निर्मितीसंस्थेने अशा प्रसंगांच्या चित्रीकरणाला इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे कलाकाराच्या संमतीची काळजी घेणारा माणूस, ठेवायला सुरुवात केली. काय दिसणार, कोण हात लावणार, कुठे थांबायचं हे आधी ठरतं. त्यामुळे प्रसंग बोथट होतात असं म्हणणारे दिग्दर्शक मला भेटतात. मला तसा अनुभव नाही. ज्याला उद्या काय होणार हे माहीत असतं तो कलाकार जास्त पुढे जातो, हे मी रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणात, पाहिलं आहे.

आता तुमच्या 'आमूर'कडे येतो. मिखाएल हानेकेचा हा २०१२ चा चित्रपट. जॉर्ज आणि ॲन हे निवृत्त संगीतशिक्षक, पॅरिसमधलं त्यांचं घर, आणि पक्षाघातानंतर तिचं हळूहळू संपत जाणं. ॲनची भूमिका करणारी इमॅन्युएल रिव्हा तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती. आंघोळीच्या प्रसंगात ती उघडी आहे, नर्स तिला पाण्याखाली धरून आहे, आणि 'दुखतं' या अर्थाचा एकच शब्द ती विव्हळत पुन्हा पुन्हा म्हणते. कॅमेरा तिच्या शरीराभोवती फिरत नाही, तुकडे पाडून दाखवत नाही, संगीताने डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करत नाही. दारात उभ्या असलेल्या घरच्या माणसाला जेवढं दिसेल तेवढं दाखवतो आणि थांबतो. बघवत नाही हे खरंच आहे. घरच्या माणसालाही बघवत नाही.

भरताने रंगभूमीवर शय्या, चुंबन, आलिंगन असल्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या त्याचं कारण त्याने फार साधं दिलं आहे: नाटक बाप, मुलगा, सून, सासू एकत्र बसून बघतात. त्यामुळे बाबांच्या उठण्यात मला मागासलेपण दिसत नाही. तुमच्याशेजारी बसून ते बघणं आणि एकट्याने बघणं यांत फरक आहे. शिवाय त्यांच्या वयाला ती ॲन तुमच्यापेक्षा जवळची आहे. कदाचित ते त्या बाईकडे नर्सच्या जागेवरून बघतच नव्हते, तिच्या जागेवरून बघत होते.

पण ते गेल्यावर पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलेलं नाही. ॲन पाणी प्यायला नकार देते, तोंडातलं थुंकते, आणि इतका जपणारा नवरा तिला थोबाडीत मारतो. आंघोळीचा प्रसंग पाहिलेल्या माणसाला ती थोबाडीत क्रूर वाटत नाही, थकलेली वाटते. आणि एके दिवशी त्यांची मुलगी आईला भेटायला येते, तेव्हा जॉर्जने खोलीला कुलूप घातलेलं असतं. यातलं काहीच दाखवण्याजोगं नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो तिला सांगतो. मुलगी चिडते, हट्ट धरते. आंघोळ नसती तर आपणही तिच्याच बाजूने असतो, बाप विक्षिप्त झाला आहे असं म्हटलं असतं. आता आपल्याला त्या दारामागचं माहीत असतं, आणि कुलूप घालणारा माणूस बायकोची अब्रू राखतो आहे हे कळतं.

बाबांनी त्या संध्याकाळी उठून आत जाताना जे केलं, ते जवळजवळ तेच आहे. आंघोळीचा प्रसंग त्यांना परत दाखवू नका. त्यांची तयारी असेल तर थेट त्या कुलपापासून लावा, आणि तुम्ही शेजारी बसा.